सुगरणीचं पाणी

मोरदरीत कुणी विरजण मागायला आलं तर त्याला रिकाम्या हाताने परत पाठवत नाहीत. तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठंसं, विरजण कुठल्याही घरात मिळतं. पण मोरदरीचं विरजण दह्याचं नाही, सांडपाण्याचं आहे, आणि ते वाटीत मावत नाही. त्याला टँकर लागतो.

गावाच्या खालच्या अंगाला सांडपाणी शुद्ध करण्याचा प्लँट आहे. सगळ्या गावची गटारं तिथे येतात. मोठ्या हौदात तपकिरी गाळ घुसळत असतो आणि त्या गाळातले कोट्यवधी जिवाणू गटाराच्या पाण्यातली घाण खाऊन टाकतात. नवा प्लँट सुरू करायचा झाला की चांगल्या चालू प्लँटमधला जिवंत गाळ आणून नव्या हौदात सोडावा लागतो. हे जगभर असंच चालतं. मोरदरीने त्याला विरजण म्हटलं, आणि एकदा नाव पडल्यावर मागोमाग सगळे सोपस्कारही आले. टँकरला आंब्याचं तोरण बांधायचं, नारळ फोडायचा. दिवेलागणीनंतर विरजण द्यायचं नाही. नेणाऱ्या गावाने आपल्या घरचं दही डब्यातून आणायचं, आणि देणाऱ्या बाईची, म्हणजे उज्ज्वला कोष्टींची, ओटी भरायची. उज्ज्वलाबाईंचे यजमान कधीच वारले होते. विधवेची ओटी कशी भरायची, असं एका गावच्या म्हाताऱ्याने पहिल्या वर्षी विचारलं, तेव्हा त्याच्याच गावच्या बायकांनी त्याला टँकरमागे नेऊन गप्प केलं म्हणतात.

एवढा मान उगाच मिळत नाही. पाठोपाठच्या दुष्काळांत मोरदरीचं धरण कोरडं पडलं, तेव्हा नगरपालिकेत सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ असलेल्या उज्ज्वलाबाईंनी ठिकठिकाणचा गाळ आणून, निवडून निवडून, जिवाणूंचं एक कुटुंबच वाढवलं. त्याला नाव दिलं सुगरण. सुगरणीला वळण लावायची त्यांची रीत घरगुती होती. "तिला अर्धपोटी ठेवा," त्या म्हणत, "म्हणजे ताट चाटूनपुसून खाईल." दुसरे प्लँट जुना गाळ दर थोड्या दिवसांनी काढून फेकतात. उज्ज्वलाबाई तो जवळजवळ फेकतच नसत, हौदात परत फिरवत. खाणारी तोंडं जास्त आणि अन्न कमी, असा तो हिशेब होता. पाणी असं नितळ निघे की पुढच्या, निवळणीच्या हौदाच्या तळाशी पडलेल्या नाण्याचा छाप वाचता यावा. ते पाणी तळ्यात सोडलं, तळ्यातून गाळून, क्लोरीन घालून पुन्हा नळाला आलं, नळातून मोरीत, मोरीतून परत सुगरणीकडे. मोरदरी आपलंच पाणी फिरवून फिरवून प्यायला लागली आणि दुष्काळाला भीक घालेनाशी झाली. मग काय, आसपासची गावं रांगेने विरजण न्यायला आली. चाळीसेक गावांच्या तळ्यांत आज सुगरणीच्या लेकींचं पाणी आहे.

उज्ज्वलाबाईंची खरीखुरी लेक हर्षदा त्याच प्लँटच्या प्रयोगशाळेची प्रमुख होती. आई निवृत्त झाली होती, म्हणजे फक्त पगार बंद झाला होता. रोज सकाळी चहा झाला की बाई प्लँटवर हजर. हौदाच्या कठड्याला टेकून वास घ्यायच्या आणि लेकीला सांगायच्या, "आज हवा कमी सोडलीस. बिचारीचा जीव घुसमटतोय."

"आई, मापं बरोबर आहेत."

"मापं बरोबर असतील गं. मी तिचं विचारते आहे."

अशी ही माणसं. त्या वर्षी राज्याच्या जलविभागाने मोठ्या प्लँटना एक नवं यंत्र पाठवलं. जीवपट.

आता हे जीवपट काय, ते समजून घेऊ, फार अवघड नाही. पाण्यातली घाण मोजायच्या जुन्या पद्धती वजनाच्या होत्या. कितीही बारीक गाळलं तरी पाण्यात काही तरी विरघळून राहतंच: तुटक्या प्रथिनांचे तुकडे, शर्करा, साबणाचे अवशेष, औषधांचे अर्धवट पचलेले अंश. हजारो प्रकार, निम्म्यांना नावही नाही. त्या सगळ्यांची मिळून एक मोळी बांधायची आणि म्हणायचं, लिटरमागे इतके मिलिग्रॅम विरघळलेले सेंद्रिय पदार्थ. आकडा लहान तर पाणी चांगलं. जीवपट वजन करत नाही. तो काचेचा एक तुकडा, बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा. त्याच्यावर चौकोनांच्या ओळी, आणि प्रत्येक ओळीत माणसाच्या एकेका अवयवाच्या जिवंत पेशी वाढवलेल्या: यकृताच्या, मेंदूच्या, मूत्रपिंडाच्या, गर्भाला पोसणाऱ्या वारेच्या. पेशी खुशाल असल्या की मंद हिरव्या उजळतात, त्रासल्या की मावळतात. पाण्यात काय आहे ते पट सांगत नाही. ते पाणी जिवाला काय करतं, तेवढं सांगतो.

हर्षदाने हौसेने पहिला नमुना लावला तो तळ्याच्या पाण्याचा. आईला दाखवायचा होता ना. दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर वारेची ओळ विझलेली.

तिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. पुन्हा लावलं. पुन्हा तेच. यकृताची ओळ जरा मंद, मेंदूची ठीक, आणि वारेची काळी. मग तिने गटाराचं कच्चं पाणी आणि सुगरणीच्या हौदातून निघालेलं नितळ पाणी शेजारी शेजारी लावून पाहिलं. वजनाने नितळ पाण्यात सेंद्रिय पदार्थ अगदी नावापुरते. पण त्या नावापुरत्यांचा डंख, तोळ्याला तोळा धरला, तर गटारातल्यांपेक्षा कितीतरी जहाल होता. वर नळाचं क्लोरीन पडलं की आणखी जहाल. आणि पाणी वर्षानुवर्षं त्याच फेऱ्यात फिरत असल्यामुळे ते तळ्यात साठत चाललेलं.

विष गटारातून येतंय की आणखी कुठून, हे शोधायला तिने दोन बरण्या भरल्या. दोन्हींत सुगरणीचा गाळ, आणि खायला फक्त शुद्ध पाण्यात विरघळवलेली साखर. गटाराचा थेंबही नाही. एका बरणीतला गाळ आईच्या रीतीने अर्धपोटी ठेवला, जुना काढलाच नाही. दुसरीतला वरचेवर काढून टाकला. महिन्याने दोन्हींचं पाणी पटावर लावलं. दुसऱ्या बरणीच्या पाण्याला पट उजळलेला राहिला. पहिलीच्या पाण्याने वारेची ओळ काळी केली.

म्हणजे विष गावाचं नव्हतं. उपाशी ठेवलेल्या सुगरणीने घाण तर खाल्लीच, पण ती संपल्यावर एकमेकींना खाल्लं, आणि मेलेल्यांच्या फुटक्या देहांतून जे झिरपलं ते पाण्यात विरघळून राहिलं. ते गाळणीत अडकत नाही, डोळ्यांना दिसत नाही, त्याला वास नाही. पाणी जितकं नितळ तितकी सुगरण जास्त उपाशी, आणि तितकं ते जास्त.

हर्षदा स्टुलावर बसून राहिली. तिची दोन गर्भारपणं अर्ध्यावर मोडली होती. पहिलं लवकरच, दुसरं पाचव्या महिन्यात. डॉक्टरांना कारण सापडलं नव्हतं. "होतं गं असं, पुढचं बघ," आई तेव्हा म्हणाली होती आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेली होती. त्या वाक्याचा हर्षदाला आजवर राग होता. आईने कधीतरी बसून विचारावं, एवढंच तिला हवं होतं.

घरी ओंकार, तिचा नवरा, पोहे करत होता. तिने ओट्याला टेकून त्याला सगळं सांगितलं. वारेची ओळ म्हणाली तेव्हा त्याचा हात थांबला. गॅस बंद करून तो खुर्चीवर बसला.

"नक्की त्याच्यामुळेच झालं का आपलं?"

"सांगता येत नाही रे. कुणालाच नाही सांगता येणार. काचेवरच्या पेशी वेगळ्या, पोटातलं वेगळं. शेजारच्या सायलीला तेच पाणी पिऊन जुळी झाली."

"पण असू शकतं."

"असू शकतं."

तो उठून खिडकीशी गेला. मग विचारलं, "आईंना सांगणार?"

"वाघदऱ्याचा टँकर येतोय गुरुवारी, विरजण न्यायला. तो भरून जाऊ दिला तर आणखी एक तळं. सांगायलाच हवं. पण वारेची ओळ नाही सांगणार मी तिला. मरेल ती."

"मरेल म्हणून, की इतकी वर्षं मनात राग धरलास त्याचं उट्टं काढतेयस असं वाटेल तिला म्हणून?"

"मला तरी कुठे माहीत आहे, काढत नाहीये म्हणून," हर्षदा म्हणाली, आणि रडली.

दुसऱ्या दिवशी हौदाच्या कठड्यावरच तिने आईला गाठलं. पटापासून सुरुवात करून बरण्यांपर्यंत आली. उज्ज्वलाबाई ऐकताना एकदाही मध्ये बोलल्या नाहीत, आणि हे लक्षण बरं नव्हतं. मग म्हणाल्या, "कानामागून आली आणि तिखट झाली. माझी सुगरण इतकी वर्षं गाव जगवतेय, आणि तुझा हा काचेचा तुकडा परवा आला."

"तुकड्याचं सोड. बरण्यांचं काय?"

"तुझा हात जड असेल. उपाशी म्हणजे मारायचं नसतं, अर्धपोटी ठेवायचं असतं. मी लावते बरणी. माझ्या हाताने."

"लाव ना. पण गुरुवारच्या आत उत्तर येणार नाही."

"तर वाघदऱ्याला म्हणावं, महिनाभर थांबा. चांगल्या दह्याला वेळ लागतो." मग त्यांनी विचारलं, "कुठल्या पेशी विझतायत?"

हर्षदाने तयारी केली होती तरी तिची नजर पाण्याकडे गेली. "यकृताच्या."

"हं," उज्ज्वलाबाई म्हणाल्या.

वाघदऱ्याला निरोप गेला. उज्ज्वलाबाईंनी साडीचा पदर खोचून आपल्या हाताने बरण्या लावल्या, एक नाही, चार. रोज स्वतः साखर मोजून घालायच्या, स्वतः हलवायच्या. लेकीला हात लावू देत नसत. "तू तुझं काम कर. माझ्या मागे मागे काय करतेस?" पण आवाजातली धार दिवसागणिक कमी होत गेली. जुन्या सवयीने एकदा बरणीचं झाकण काढून वास घेतला आणि म्हणाल्या, "वास तर चांगलाच येतोय गं." हर्षदाला त्या क्षणी त्यांचा फार कळवळा आला.

महिना भरल्यावर बाई सकाळी लेकीच्याही आधी प्रयोगशाळेत आल्या. पट लावायला शिकल्या होत्या. हर्षदा आली तेव्हा त्या टेबलापाशी उभ्या होत्या, चष्मा कपाळावर ढकललेला, पुढ्यात चार पट, आणि भिंतीवर यंत्राबरोबर आलेला तक्ता, कुठली ओळ कुठल्या अवयवाची ते दाखवणारा.

"यकृत वरून पहिलं," उज्ज्वलाबाई म्हणाल्या.

हर्षदाने पिशवी खाली ठेवली.

"विझलीय ती चौथी ओळ."

"आई..."

"मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं गं तुला. आणि मलाच फसवतेस?" त्या रागाने बोलल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या. हात मांडीवर ठेवले. हर्षदाने पाण्याचा पेला पुढे केला, मग आपण काय करतोय ते ध्यानात येऊन तो मागे घेतला, आणि दोघींनाही क्षणभर हसू आलं. ते टिकलं नाही.

"बाकीची गावं पण माझीच रीत पाळतात," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. "मीच बजावलंय एकेकाला. गाळ फेकू नका, लक्ष्मी आहे ती. एका गावच्या इंजिनिअरने काढून टाकला तर मी तिथे जाऊन त्याला बोलले होते. चारचौघांत." त्यांनी चष्मा खाली घेतला, पुसला. "वाघदरेकर कधी येणार?"

"उद्या. पण मी फोन करून नको सांगते. तू कशाला? मी जलविभागाला कळवते, ते पत्र काढतील सगळ्यांना. तुझं नावसुद्धा यायला नको त्यात."

"पत्र कोण वाचतंय? येऊ देत त्यांना."

वाघदऱ्याचा टँकर आला तो चांगलाच नटून आला. तोरण, झेंडूच्या माळा, पुढे बसून आलेल्या सात-आठ बायका. त्यांची पुढारी मनीषा ढवण, तिथली नगरसेविका, हातात दह्याचा स्टीलचा डबा घेऊन उतरली. मोरदरीचीही माणसं जमली होती. विरजणाचा दिवस म्हटला की जमतातच. उज्ज्वलाबाई ठेवणीतली साडी नेसून आल्या होत्या. हर्षदाला वाटलं, आईने विचार बदलला. आई आता टँकर भरू म्हणाली तर आपण सगळ्यांसमोर तिला अडवणार का? अडवणार, हे तिला त्याच वेळी कळलं, आणि त्याने ती घाबरली.

मनीषाबाई खणा-नारळाचं ताट घेऊन पुढे झाल्या. उज्ज्वलाबाईंनी हाताने थांबवलं.

"ओटी भरू नका. तुम्हाला द्यायला माझ्याकडे काही नाही."

"असं काय करता बाई? काही चुकलं का आमचं?"

"तुमचं नाही, माझं चुकलंय. विरजण बिघडलंय माझं. आज नाही, पहिल्यापासून."

मग त्यांनी सांगितलं. एकही शास्त्रीय शब्द न वापरता सांगितलं. सुगरणीला मी उपाशी ठेवली, उपाशी जीव एकमेकांना खातात, त्यातून जे उरतं ते पाण्यात राहतं आणि गरवार बाईच्या वारेला सोसत नाही. "नक्की कुणाला किती बाधलं, हे कधी कळायचं नाही. पण तळ्याच्या पाण्याने माझ्या डोळ्यांदेखत त्या पेशी मरतात. यंत्र लेकीचं आहे, पण मी माझ्या हाताने करून पाहिलंय. आजपासून पोटुशा बायकांनी ते पिऊ नये. टँकरने वेगळं पाणी आणू."

कुणीतरी मागून म्हणालं, "बाई, पाणी तर काचेसारखं आहे!"

"तेच चुकलं रे बाबा. आम्ही डोळ्यांवर गेलो."

एक तरुण बाई गर्दीतून वाट काढत चालती झाली. तिच्यामागे तिची सासू गेली. बाकी सगळे तसेच उभे. मनीषाबाईंनी ताट टँकरच्या पायरीवर ठेवलं. "मग आम्ही काय करायचं? आमचा हौद बांधून तयार आहे."

उत्तर हर्षदाने दिलं, कारण ते तिच्याकडे होतं. कुठल्याही साध्या प्लँटचा ताजा गाळ आणा. जुना होऊ देऊ नका, नेमाने काढत जा. पाणी इतकं नितळ निघणार नाही, पिवळसर राहील, पुढे कोळशाच्या गाळण्यांतून काढावं लागेल. खर्चाचं आहे, पण होतं. "आणि चाळीस गावांना फोन करायचेत," ती म्हणाली. "आज लागते मी."

"मी करते," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. "त्यांना शिकवलं कुणी?"

दुपारी टँकर रिकामा परत गेला. नारळ बायकांनी नेला नाही, तो पायरीवरून कुणीतरी उचलून ऑफिसात ठेवला. उज्ज्वलाबाई फोन करत होत्या. पहिल्या गावाने ऐकून घेतलं, दुसऱ्याने आरडाओरडा केला, तिसऱ्याचे साहेब म्हणाले की लेखी द्या. त्या प्रत्येकाला तेच, त्याच शब्दांत सांगत होत्या. ऊन कलायला आलं तेव्हा घसा बसला आणि त्यांनी फोन खाली ठेवला.

"चल, हौदावर जाऊ," म्हणाल्या.

हौदाच्या बुडाशी गाळ काढायचा व्हॉल्व्ह होता. इतकी वर्षं तो कधी पुरता उघडलाच नव्हता, आणि चाक गंजलं होतं. उज्ज्वलाबाईंनी दोन्ही हातांनी धरलं. हर्षदा मदतीला वाकली.

"तू नको. माझं मला करू दे."

हर्षदा बाजूला झाली. चाक कुरकुरत थोडं फिरलं आणि सुगरण गाळ वाळवायच्या वाफ्याकडे जाऊ लागली, दाट, तपकिरी, मातीच्या वासाची. उज्ज्वलाबाई जरा वेळ तिच्याकडे पाहत राहिल्या. हात चाकावरच होते.

"हर्षदा."

"काय?"

"तुझ्या पोरांची नावं ठरवली होतीस का गं?"

आई तिच्याकडे बघत नव्हती, पण थांबली होती. विचारून मोकळी झाली नव्हती.

"पहिल्याचं नाही," हर्षदा म्हणाली. "तेवढा वेळच मिळाला नाही. दुसरीचं ठरवलं होतं. मला मुलगीच वाटत होती."

"काय?"

"मृण्मयी."

"मृण्मयी," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. बसलेल्या घशातून ते नाव नीट निघालं नाही, म्हणून त्यांनी ते पुन्हा एकदा, सावकाश, पुरतं उच्चारलं. मग त्यांनी उजवा हात चाकावरून उचलून जागा केली, आणि हर्षदाने तिथे आपला हात ठेवला.